पाहुण्यांचा हंडा

“ट्रेमधलं पाणी पिऊ नकोस,” मावशी माझ्या कानाशी लागून म्हणाली. “काहीतरी निमित्त काढून आत जा, आणि ती माणसं स्वतः पितात त्या भांड्यातलं घोटभर पिऊन ये. मुलगा नंतर बघ.”

आमची गाडी तेव्हा गावच्या पाटीपाशी पोचली होती. पाटीवर ‘गोडवडी’ असं लिहिलेलं होतं. बाबा पुढच्या सीटवरून म्हणाले, “नावच बर्फीसारखं आहे बघ.”

“मी मुलगा बघायला चाललेय, का फूड इन्स्पेक्टर म्हणून?” मी मावशीला म्हटलं.

मावशी नर्स होती. नोकरीतली काही वर्षं तिने खाडीपट्ट्यात काढली होती आणि तिला ऊठसूट कसला तरी संशय यायचा. मी मनावर घेतलं नाही. निशिकांतच्या घरी ओटीवर बसलो, ट्रे आला. मे महिन्याची तलखी, आणि पाणी असं की शहाळं फोडून दिलंय. मी दोन ग्लास प्यायले आणि मावशीकडे बघून भुवया उडवल्या. आत गेले नाही. निशिकांत आवडला. महिन्याभरात लग्न झालं.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी केलेला चहा नासला. पुन्हा टाकला, पुन्हा नासला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

“दूध खराब दिसतंय, आई,” मी म्हटलं.

“दुधाला कशाला नावं ठेवतेस? चहा कोरा उकळायचा, दूध वेगळं तापवायचं आणि कपात घालायचं. आमच्याकडे असंच करतात. बीएस्सी ना तू? येईल जमायला.”

त्या दिवसापासून मी त्या घरात केतकीची बीएस्सी झाले.

पुढचं सगळं हळूहळू कळत गेलं. गावाचं खरं नाव खारवडी. खाडीला मिळण्याआधी नदी आमच्या शेतांना वळसा घालते. तिथे जुना बांध आहे आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी दारं. ओहोटीला नदीचं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्राचं पाणी आत यायला लागलं की ती आपोआप मिटतात. आमच्या उघाडीची दारं मी यायच्या कितीतरी आधी कुजून वाहून गेली होती. पावसाळ्यात बिघडत नसे; पण होळी झाली, नदी आटली, की उधाणाची भरती सरळ वर चढायची, थेट नळयोजनेच्या विहिरीपर्यंत. पावसापर्यंत गाव ते पाणी प्यायचं. आणि खारट पाण्याच्या गावाला कोण मुलगी देणार? म्हणून पाटी बदलली. म्हणून घरोघरी दोन पाणी. रोजचं नळाचं, आमच्याकडे ते निळ्या प्लास्टिकच्या पिंपात असायचं. आणि टेपावरच्या, म्हणजे गावामागच्या टेकाडावरच्या झऱ्याचं, पितळी हंड्यात, वर झाकण, झाकणावर उपडा पेला. उन्हाळ्यात झरा करंगळीएवढा वाहायचा. बायका पाळ्या लावून पहाटे चढायच्या आणि एकेक हंडा उतरवायच्या. तो पाहुण्यांचा हंडा. घरच्यांनी त्याला हात लावायचा नाही. कुणी बाहेरचा आला आणि ‘पाणी द्या’ म्हणाला, की हात आपोआप त्या हंड्याकडे जायचा.

मी मावशीला हे कधीच सांगितलं नाही. तिला काय, ‘सांगत होते’ म्हणाली असती. आणि तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या जिभेलाही खारट लागेनासं झालं होतं.

पण तोपर्यंत रेवा आली होती. घरभर दुडदुडणारी, हाताला लागेल ते तोंडात घालणारी. आदल्या उन्हाळ्यात तिचं पोट सारखं बिघडायचं आणि तालुक्याचे डॉक्टर दर खेपेला एकच सांगायचे, “पाणी बदला.” जसं काही पाणी म्हणजे चप्पल. मी पाणी गाळायचे, उकळायचे, पुन्हा गाळायचे. ती झोपली की श्वास बघायचे, उठली की जीभ बघायचे. या वर्षी तिचं पोट ठीक होतं, तरी मला धीर नव्हता. मी निशिकांतला सांगून टाकलं होतं, “या खेपेला उघाडी झाली तर झाली. नाही तर मी रेवाला घेऊन माहेरी जुन्नरला राहणार. तू सुट्टीला येत जा.” आईंनी आतून भांडं जरा जोरात ठेवलं.

‘या खेपेला’ म्हणायला कारण होतं. नद्यांमध्ये शिरणारा खारेपणा कमी करण्याच्या कामांना शासन पैसे देणार होतं. नवी उघाडी, बांधाची डागडुजी, सगळं त्यात बसत होतं. ज्या गावचं पिण्याचं पाणी ठरलेल्या आकड्याहून खारट, तेवढीच गावं यादीत येणार. आमच्या सरपंच जयवंतीताई आणि मी तालुक्याला इतके हेलपाटे घातले होते की कचेरीतला शिपाई मला रेवाच्या नावाने ओळखायचा. मागे एकदा असेच पाहणीवाले आले होते. तेव्हा गावाने एकमुखाने “आमचं पाणी गोडं” म्हणून सांगितलं होतं आणि वर पाहुण्यांच्या हंड्यातलं सरबत पाजलं होतं. गावाचं नाव कटलं.

म्हणून या वेळी जयवंतीताईंनी देवळात सगळ्यांना बसवून सांगितलं, “मॅडम येतील तेव्हा एक दिवस खरं बोला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गोड बोला, मी काही म्हणत नाही.”

सगळे हसले. आई हसल्या नाहीत. माझ्या धाकट्या दिराचं, तुषारचं लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणांहून ‘पाण्याचं कळलं’ असा निरोप आला होता. आता खेडजवळच्या काशिदांची मुलगी सांगून आली होती. मंडळी घर बघायला रविवारी येणार होती. पाण्याच्या मॅडम मंगळवारी. आईंनी दोन्ही तारखा मला दोनदा विचारून घेतल्या होत्या.

रविवारी सकाळी काशिद मंडळी ओटीवर बसली होती. वडील, काका आणि मुलगी, प्रणाली. पोह्यांच्या बश्या फिरल्या होत्या. तुषार नवा शर्ट घालून खांबाला टेकला होता आणि खांबच जास्त सैल वाटत होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सरकारी जीप येऊन थांबली.

मी रेवाला कडेवर घेऊन पायरीवर आले. जयवंतीताई जीपच्या पुढे जवळजवळ पळतच आल्या आणि मला खुणेने म्हणाल्या, “आजच आल्या! मंगळवारी मीटिंग लागली त्यांची.”

माझ्या छातीत धडधडायला लागलं. भीतीने नाही, खरं सांगते, आनंदाने. इतके हेलपाटे, आणि ती जीप प्रत्यक्ष आमच्या गल्लीत! मी रेवाला म्हटलंसुद्धा, “बघ, तुझी उघाडी आली.” ओटीवर कोण बसलंय हे त्या क्षणी मी साफ विसरले.

वाघमोडे मॅडम उंच, उन्हाने रापलेल्या, पायात बूट. हातात पेनासारखं यंत्र, खांद्याला बाटल्यांची पिशवी. आधी गल्लीतल्या खालच्या घरांत शिरल्या. लाइट गेलेली, नळ कोरडे. त्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता, “भरून ठेवलेलं असेल ते द्या, पिण्याचं.” एक घर, दुसरं घर, तिसरं. दर घरातून बाहेर पडताना त्यांचा चेहरा जास्तच कोरा होत होता.

मग त्या आमच्या पायरीशी आल्या. ओटीवर पाहुणे बघून जरा थबकल्या.

“कार्यक्रम आहे का? माझं दोन मिनिटांचं काम आहे. पिण्याचं पाणी द्या थोडं.”

“या, या,” काशिदांचे काकाच म्हणाले. त्यांना वाटलं, तहान लागली असेल.

मी आत वळणार तोच आई तांब्या घेऊन बाहेर आल्यासुद्धा. पदर डोक्यावर, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी राखलेलं हसू. मॅडमनी तांब्या घेतला, यंत्राचं टोक बुडवलं, आकडा बघितला. पुन्हा बुडवलं.

“उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “मावशी, तुमचं पाणी शहरातल्या नळापेक्षा चांगलं आहे.”

“बघा!” काशिद मांडीवर थाप मारून म्हणाले. “आणि आम्हाला कोणी सांगितलं, त्या गावात पाणी खारट! सरकारचा माणूस सांगतोय, आता काय!”

आई उजळल्या. तुषार खांबापासून सुटला. जयवंतीताईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ओटीवरच्या पाहुण्यांसमोर, ठरू घातलेल्या लग्नासमोर, त्यांची जीभ उचलेना. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

“पण मॅडम,” मी म्हटलं. “नदीचं बघा ना. नदीतच...”

“सकाळीच घेतलं. ओहोटी होती, आकडा अगदी काठावर आहे. म्हणून तर घरातलं बघतेय. लोक पितात ते किती खारट, त्यावर ठरणार.” त्या बाटलीत नमुना ओतून बूच घट्ट करत होत्या. जयवंतीताईंना म्हणाल्या, “ताई, तुम्ही मला इतके फोन केले. चारही घरांत पाणी गोड आहे. मी काय लिहू सांगा? पलीकडच्या दोन गावांत पोचायचंय मला, संध्याकाळपर्यंत यादी द्यायचीय.”

मी तशीच आत गेले. आई माझ्यामागोमाग.

“कुठल्या हंड्यातलं दिलंत?” मी विचारलं.

“कुठल्या म्हणजे? बाहेरच्या माणसाला कुठलं देतात...” बोलता बोलता त्या थांबल्या. हात तोंडावर गेला. “अगो बाय!”

“अगो बाय काय, आई! चारी घरांत तेच झालंय. खालच्या घरातल्या हिराकाकीने पण हंड्यातलंच दिलं असणार. सगळ्यांनी! आत्ता बाहेर जाऊन सांगा.”

“काय सांगू? काशिदांच्या तोंडावर? आमचं पाणी खारट, तुमची पोरगी द्या?” त्या कुजबुजत होत्या, पण कुजबूज ओरडल्यासारखी. “गप्प बस. तुषारचं होऊ दे. उघाडी काय, पुढच्या साली होईल.”

“पुढच्या साली यादी नाही! आज नाव गेलं की संपलं. मग मला काही म्हणू नका. मी रेवाला घेऊन जाणार. तिला मी हे पाणी पाजत ठेवणार नाही.”

“तिला कोण पाजतंय गो हे पाणी?”

मी पिंपाकडे बोट दाखवलं. “मी उकळते म्हणून, नाहीतर...”

“तू उकळतेस ते मी भाताला घालते.” आईंनी माझ्याकडे बघितलं नाही. पदराने हंड्याचं झाकण पुसत राहिल्या. “तिची बाटली मी ह्यातली भरते. होळीपासून. नाहीतर रोज पहाटे टेप चढायला मला काय हौस? इतके पाहुणे येतात होय आपल्याकडे?”

हंडा रोज अर्धा रिकामा होतो हे मी बघितलं होतं. मला वाटायचं तुषार चोरून पितो.

“पण घरच्यांनी ह्याला हात लावायचा नाही, असं तुम्हीच...”

“ती कुठे घरची झालीय अजून? तू रोज उठून जुन्नर जुन्नर करतेस. पाहुणीच म्हणायची. राहायचं का नाही ते तिचं ती ठरवेल. तोवर पाहुण्याला द्यावं तसं द्यायचं.”

रेवाने माझ्या कडेवरून आजीकडे हात पसरले. मी तिला घट्ट धरून ठेवली. मग विचारलं:

“आणि तुम्ही?”

“मी कुठली पाहुणी?” आई म्हणाल्या.

दारात पावलं वाजली. प्रणाली उभी होती, हातात रिकाम्या बश्यांचा ढीग. किती वेळ उभी होती कोण जाणे. आईंनी हंड्यावरचा पेला झटकन उचलला.

“पाणी हवं का बाय? देते हां.”

“हो काकू. पण त्यातलं नको.” तिने बश्या खाली ठेवल्या आणि निळ्या पिंपाकडे मान केली. “ह्यातलं द्या.”

“ते... ते वापरायचं आहे.”

“मग मलाही वापरायचंच ना, आले तर?”

मग मीच पुढे झाले. एका हाताने रेवाला सावरत पिंपात पेला बुडवला आणि तिला दिला. आई डोळ्यांनी मला जाळत होत्या. मला मात्र त्या घटकेला गाडीतली मावशी दिसत होती, माझ्या कानाशी लागलेली.

प्रणालीने घोट घेतला. गाल फुगवले. गिळावं की थुंकावं असं झालं, आणि मग गिळला.

“बाई गं!” ती म्हणाली. “ह्यात डाळ शिजते?”

आईंना हसू आलं. शपथ सांगते, त्यांना हसू आलं. भीती, राग, सगळं मिळून ते हसू असं फुटलं की पदर तोंडात धरावा लागला. “शिजते की! शिट्ट्या मोजायच्या नाहीत फक्त.”

आणि बाहेर जीप सुरू झाली.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पहिल्यांदा नुसती घरघरली, मग बसली, मग दुसऱ्यांदा धरली. मी बाहेरच्या दाराकडे वळले, पण माझ्या कडेवर पोर होतं. आईंनी तांब्या उचलला, पिंपात बुडवला, भरला, आणि माझ्या खांद्याला धक्का देऊन पुढे निघाल्या. ओटीवरून, पाहुण्यांच्या मधून, काशिदांच्या पायाला अडखळून, पायऱ्या उतरून गल्लीत.

“ओ मॅडम! ओ मॅडम!”

जीप हिराकाकीच्या घरापुढून वळत होती. आईंनी निऱ्या हातात गोळा केल्या आणि धावल्या. त्यांना धावताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. तांब्यातलं पाणी हिंदकळून हातावरून ओघळत होतं.

“थांबा हो! खोटं पाणी नेताय तुम्ही! आमचं पाणी खारट आहे! खारट! खारट आहे आमचं पाणी!”

ते वाक्य त्या गावात आजवर कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. ओटीवर काशिद उभे राहिले. जीप थांबली.

पहिल्यांदा हिराकाकीच्या घराची खिडकी उघडली. मग दार. हिराकाकी बाहेर आल्या, त्यांच्या हातातही तांब्या.

“द्वारके,” त्या आईंना म्हणाल्या, “तू सांगितलंसच, तर माझंपण मोजायला सांग. मघाशी मीसुद्धा हंड्यातलंच दिलं गो. सवय!”

“माझंपण!” समोरून कुणीतरी ओरडलं. तिसऱ्या घरातून कळशी आली, चौथ्यातून दुधाची बरणी. नमुना न मागितलेल्या घरांतूनही बायका यायला लागल्या. वाघमोडे मॅडम जीपमधून उतरल्या, सगळ्यांकडे बघितलं, आणि काही न बोलता यंत्र काढलं.

आईंच्या तांब्यात टोक बुडवलं. आकडा सरकत गेला. मी मान लांब करून बघत होते. सरकत गेला, सरकत गेला, आणि मॅडमच्या भुवया वर चढल्या.

“हे पिता तुम्ही?”

“होळीपासून पावसापर्यंत,” आई धापा टाकत म्हणाल्या.

“आमचं बघा, आमचं!” हिराकाकींनी तांब्या पुढे केला. “आमचा नळ शेवटचा आहे. आमचं द्वारकेपेक्षा खारट निघणार!”

“कशाला निघेल? माझं कालचं आहे, काल उधाण होतं!”

“अगो, तुमच्यात मीठ घातलंय का बघा आधी!”

इतकी वर्षं जे लपवलं त्याच्यावरून गल्लीत अशी चढाओढ लागली की मॅडमनासुद्धा हसू आवरेना. दर आकड्याला बायका ‘हो!’ करून ओरडत होत्या. जयवंतीताई रडत होत्या आणि दर घराचं नाव मॅडमना ओरडून सांगत होत्या. मी रेवाला दोन्ही हातांनी वर उचललं. ती टाळ्या वाजवायला लागली. कशासाठी ते तिला ठाऊक नव्हतं, पण सगळी माणसं आनंदात होती.

“जुन्या बाटल्या ओतून देते,” मॅडम म्हणाल्या. “ह्या नव्या घेते. आणि काय झालं तेही लिहिते.” मग बाटल्यांची बुचं काढत, “असं कधी कुठल्या गावात झालं नव्हतं माझ्या नोकरीत. खारट निघावं म्हणून मीठ टाकणारे बघितलेत. गोड निघावं म्हणून...” त्यांनी मान हलवली.

त्या गोंधळात मागून काशिद आले. आमच्या घोळक्याच्या कडेला उभे राहिले आणि आईंना म्हणाले, “म्हणजे आम्हाला फसवत होता तुम्ही?”

“हो,” आई म्हणाल्या. एवढंच. आणि मग त्या तिथेच, रस्त्यावर, हिराकाकीच्या पायरीला पाठ लावून खाली बसल्या.

मला वाटलं, शरमेने बसल्या. मॅडमनी मात्र यंत्र पिशवीत टाकलं आणि त्यांच्याजवळ उकिडव्या बसल्या. आईंच्या साडीचा काठ किंचित वर करून त्यांनी घोट्याच्या वर अंगठा दाबला, क्षणभर धरला आणि काढला. तिथे खळगा पडला होता. चिखलात अंगठा रुतावा तसा. तो भरून यायला तयार नव्हता.

“किती दिवस सूज आहे मावशी?”

“सूज कसली? म्हातारपण आहे ते. टेप चढते ना रोज.”

“डोकं दुखतं? बीपी तपासलंय कधी?”

“आम्हाला कसलं आलंय बीपी.”

मॅडम वर बघून मला म्हणाल्या, “इतक्या खारट पाण्याने बीपी वाढतं, मूत्रपिंडं बिघडतात. यांना आजच दवाखान्यात न्या. उद्या नाही, आज. माझी जीप तालुक्यावरून जाणार आहे, बसवा.”

मी त्या खळग्याकडे बघत होते. रेवाची जीभ, रेवाचे डोळे, रेवाचा श्वास मला रोज पाठ असायचा. आईंचे पाय रोज पहाटे माझ्या उशाशेजारून जायचे आणि हंडा घेऊन परत यायचे.

आईंना आम्ही जीपमध्ये चढवलं. तुषार नव्या शर्टातच पुढे बसला, मी रेवाला घेऊन आईंशेजारी. काशिद मंडळीही निघत होती. काका चपला शोधत होते. प्रणाली मात्र जीपच्या खिडकीशी आली आणि मला म्हणाली, “वहिनी, तुम्ही घर बघायला आला होतात, तेव्हा आत जाऊन पाणी प्यायला होतात?”

“नाही,” मी म्हटलं.

“मी प्यायले,” ती म्हणाली आणि मागे सरकली. तिने तुषारकडे एकदाच बघितलं.

यादीत आमचं नाव आलं. पैसे यायला जेवढा वेळ सरकारला लागतो तेवढा लागला, आणि मग एका उन्हाळ्यात बांधात नवी उघाडी बसली, या वेळी लोखंडाची. पहिल्या उधाणाला सगळं गाव बांधावर गेलं होतं. भरती आली, दारांवर थडकली, दारं मिटली, आणि नदी आतल्या बाजूला शांत राहिली. कुणीतरी फटाके आणले होते. त्याच मे महिन्यात तुषारचं लग्न झालं. प्रणालीशीच. तिचे वडील बोलणी करायला आले तेव्हा ओटीवर बसलेच नाहीत. चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात गेले, निळ्या पिंपात पेला बुडवला आणि प्यायले. मग म्हणाले, “आता बोलू.”

आईंच्या मूत्रपिंडांना जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, उरलंय ते सांभाळू. रोजच्या गोळ्या माझ्याकडे आहेत. टेप चढणं बंद आहे. पितळी हंडा माळ्यावर गेला. रेवा शाळेत जाते. कोणी विचारलं, तुझं गाव कोणतं, तर ठासून ‘खारवडी’ सांगते, आजीनेच शिकवलंय. मी अजूनही बीएस्सीच आहे. रात्री जेवणं झाली की आई पाय लांब करून बसतात आणि मी घोट्याच्या वर अंगठा दाबते. “झालं का गो तुझं सरकारी काम?” असं त्या विचारतात. खळगा भरून येईपर्यंत मी अंगठ्याकडे बघत राहते.

तुमच्याही घरात अशी एक जण असेल. सगळ्यांचं वाढून झालं की शेवटी आत जाऊन पाणी पिणारी. आज ती उठली की तिच्यामागे आत जा. ती कुठल्या भांड्यातलं घेते ते बघा. मग तिला बसवा, नको म्हणाली तरी बसवा, आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून बघा. खळगा राहिला तर उद्याची वाट बघू नका.